कोरड्या लेनवर राखाडी बॉल

वृषालीने टेबलावर दोन्ही बॉल ठेवले आणि मान वळवून माझ्या पँटकडे पाहिलं.

मी पंधराएक पावलांवर तेलाच्या मशीनपाशी उभा होतो. पँटचे दोन्ही गुडघे तेलाने भिजले होते, उजवा पाय तर पार घोट्यापर्यंत ओला होता. तिने ते नीट पाहिलं आणि तिचा चेहरा निवळला. निळा बॉल तिने पिशवीत परत टाकला आणि राखाडी बॉल निवड चाचणी घेणाऱ्या लोणकर सरांपुढे सरकवला.

"हा," ती म्हणाली.

सरांनी बॉलचं वजन केलं आणि त्यावर पिवळी पट्टी चिकटवली. एका फेरीला एकच बॉल, पट्टी चिकटली की बदल नाही, असा त्या निवड चाचणीचा नियम होता. आदल्या वर्षी दोन मुलींनी बॉलवरून मोठं भांडण केलं होतं, म्हणून सरांनी तो या वर्षी मुद्दाम आणला होता.

मी "थांब" म्हणायला तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण माझ्या डाव्या हाताला आमचे मॅनेजर चंद्रात्रे साहेब उभे होते. मी तोंड मिटलं.

ही गोष्ट २००६ सालची, नाशिकची. मी सातपूरला एका कारखान्यात बावीस वर्षं फिटर होतो. कारखाना बंद पडला तेव्हा माझं वय अठ्ठेचाळीस. त्या वयात फिटरला कोण घेतो? दीड वर्ष घरी बसलो. सकाळी डबा न घेता घराबाहेर पडायचं आणि संध्याकाळी काहीतरी काम करून आल्यासारखं परतायचं, असे दिवस काढले. मग गंगापूर रोडला आठ लेनचं बोलिंग सेंटर निघालं आणि तिथे मशीन सांभाळायला माणूस हवा होता. नातेवाईक विचारायचे, "बोलिंग म्हणजे स्पिन का फास्ट?" मी सांगायचो, "नाही हो, जाडजूड बॉल लाकडी पट्टीवरून सोडायचा आणि दहा पिना पाडायच्या." ते म्हणायचे, "याला पगार देतात?" देत होते, आणि तो मला हवा होता.

मी तिथे लागलो तेव्हा माझी पोरगी वृषाली अठरा वर्षांची होती. कॉलेज सुटलं की मला डबा द्यायला यायची. एकदा गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मीच तिला म्हटलं, टाक एक. तिने टाकला आणि तिथून तिला वेडच लागलं. चार वर्षांत ती अशी खेळायला लागली की संध्याकाळी येणारी पैसेवाली पोरं स्वतःचा खेळ थांबवून तिचा बघायची. राज्याच्या संघात चार मुली घेतात. ती दोनदा पाचवी आली होती. ही तिसरी खेप, आणि तिच्या हिशेबाने शेवटची. सोमवारी तिला सिन्नरच्या एका कारखान्यात ऑफिसात रुजू व्हायचं होतं. संघात नाव आलं तर राष्ट्रीय स्पर्धा होईपर्यंत थांबू, असं तिथले लोक म्हणाले होते. नाही आलं तर सकाळी सातची बस, संध्याकाळी सातला घरी, आणि खेळ संपला. शनिवारच्या फेरीनंतर ती तिसरी होती. पाचवीवर एक्केचाळीस पिनांची आघाडी होती. रविवारी दुपारचे तीन गेम तेवढे नीट काढायचे होते.

आता तेलाचं सांगतो, कारण सगळं त्या तेलापाशीच अडलं.

लेन साठ फुटांची असते. तिच्या पहिल्या चाळीसेक फुटांवर मशीनने तेलाचा पातळ थर द्यायचा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. बॉल त्या तेलावरून घसरत जातो आणि तेल संपलं की जमीन पकडून वळतो. तेल भरपूर असेल तर खरखरीत बॉल लागतो, गुळगुळीत बॉल तिथे वळतच नाही. लेन कोरडी असेल तर उलटं. कोरड्या लेनवर खरखरीत बॉल पहिल्या पंधरा-वीस फुटांतच पकड घेतो आणि भलतीकडे निघून जातो. तिथे गुळगुळीत, चकचकीत प्लास्टिकचा बॉल हवा, जो निमूट सरळ जाईल. वृषालीचा राखाडी बॉल खरखरीत होता, निळा प्लास्टिकचा.

किती तेल दिलं हे मेकॅनिकने कुठल्याही खेळाडूला सांगायचं नाही, अशी आमच्याकडे पद्धत होती. मी वृषालीला घरी जेवतानासुद्धा कधी सांगितलं नाही. पण पोरगी माझीच. मशीन लेनवरून फिरून आलं की कडेला ओघळलेलं तेल मी गुडघ्यावर बसून फडक्याने पुसायचो. तेल जास्त असलं की गुडघे भिजायचे, कमी असलं की पँट कोरडी राहायची. हे तिने कधीचं हेरलं होतं. तिने हेरलंय हे मला माहीत होतं, आणि म्हणून मी काही पँट बदलत नव्हतो. बापाने एवढं करू नये का, असं मी स्वतःला म्हणायचो.

त्या रविवारी सकाळी पुरुषांची फेरी झाली. चार तासांत त्यांनी लेनवरचं तेल पार खाऊन टाकलं. बायकांच्या फेरीआधी पाऊण तासात आठही लेन पुन्हा तेल देऊन तयार करायच्या होत्या. माझं सगळं लक्ष पोरीकडे. ती जेवली का, हाताला घाम येतोय का, तिचं सोललेलं बोट बरं झालं का. त्या तंद्रीत मशीनच्या टाकीत तेल ओतताना कॅन हातातून निसटला. बावीस वर्षं फिटर म्हणून काम केलेल्या माणसाच्या हातून, साधा कॅन. अर्ध्याच्या वर तेल मशीनमागे फरशीवर गेलं, उरलेलं माझ्या पायावर. दुसरा कॅन नव्हता. मुंबईहून मंगळवारी यायचा होता.

मी मशीनच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि फडक्यांनी फरशी पुसून काढली. टाकीत जे होतं ते आठ लेनना सारखं वाटलं. कुणाला कमी, कुणाला जास्त नाही, एवढी अक्कल तेव्हाही शाबूत होती. पण एरवीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकासुद्धा थर बसला नाही. बोट फिरवून पाहिलं. बोट जवळजवळ कोरडं निघालं.

यात मोठं असं काहीच नव्हतं. लोणकर सरांना जाऊन सांगायचं, सर, तेल सांडलं, लेन कोरड्या आहेत. त्यांनी माइकवरून सगळ्या मुलींना सांगितलं असतं आणि जिने-तिने आपापला बॉल निवडला असता. पाच मिनिटांचं काम. पण दोन महिन्यांपूर्वी माझ्या हातून पिना उचलणाऱ्या मशीनचा पट्टा तुटला होता, आणि चंद्रात्रे साहेबांनी मला केबिनमध्ये उभं करून सांगितलं होतं, "खैरनार, वय झालं असेल तर तसं सांगा. पुढच्या वेळी मी विचारणार नाही."  मी पन्नाशी ओलांडलेली. ते दीड वर्षाचं घरी बसणं मला पुन्हा जमणार नव्हतं.

म्हणून मी बाहेर येऊन मशीनपाशी उभा राहिलो. वृषालीने माझी पँट पाहिली आणि राखाडी बॉल निवडला.

सरावाला प्रत्येकीला दोनच फेकी मिळाल्या. वृषालीचा पहिला बॉल हातातून सुटला आणि निम्म्या लेनवरच डावीकडे वळला. पहिल्या पिनला हात न लावता पार पलीकडून गेला. तिने आपल्या बोटांकडे पाहिलं, मग बुटांच्या तळव्यांकडे. दुसरा बॉल तिने जोरात टाकला. तोही तसाच गेला. शेजारच्या लेनवर पुण्याची गार्गी नावाची मुलगी होती, तिच्याकडे मुळात एकच बॉल होता, चकचकीत लाल. तो सरळ जाऊन नऊ पिना पाडून आला. बाकीच्या दोघी-तिघी कुरकुरायला लागल्या.

"सर, लेन सुकल्यात," एक म्हणाली.

लोणकर सर लेनपाशी वाकले, काठावर बोट टेकवून पाहिलं आणि सरळ माझ्याकडे आले. शांत माणूस. आवाजही चढवत नसत.

"खैरनार, तेल पूर्ण दिलंय ना?"

चंद्रात्रे साहेब माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभे होते.

"हो सर."

"काही अडचण असेल तर आत्ताच सांगा. मी थांबवतो. सगळ्यांच्या पट्ट्या काढू, पुन्हा बॉल निवडू देऊ. अजून पहिला गेम सुरू झालेला नाही."

सरांच्या खांद्यावरून मला वृषाली दिसत होती. ती बाकावर बसून टॉवेलने राखाडी बॉल पुसत होती, एकच जागा पुन्हा पुन्हा. सर उत्तराची वाट बघत होते. 

"काही अडचण नाही सर. एसी जास्त आहे, त्याने होतं कधीकधी."

"बरं," सर म्हणाले आणि परत गेले. चंद्रात्रे साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. चार वर्षांत पहिल्यांदा.

पहिला गेम मी मशीनच्या आडून पाहिला. वृषालीने उभं राहायची जागा बदलली, लेनच्या दोन फळ्या डावीकडे सरकली, मग आणखी तीन. बॉल तरीही आधीच वळत होता. दोन टोकांना दोन पिना उभ्या राहायच्या आणि तिला त्यातली एकच मिळायची. एकशे एक्केचाळीस. शनिवारी तिचा सगळ्यात कमी गेम एकशे ब्याऐंशीचा होता. वरच्या पडद्यावर तिचं नाव तिसऱ्यावरून सहाव्यावर घसरलं.

गेमच्या मधल्या वेळात ती पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्या बाजूला आली. बाटलीचं झाकण उघडत, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "बाबा, लेन कोरडी आहे?"

तेव्हा सांगून बॉल बदलता आला नसता. पण निदान तिला कळलं असतं की हात चुकत नाहीये. बिचारी स्वतःच्या मनगटाला दोष देत होती. मी आजूबाजूला पाहिलं. साहेब काउंटरवर होते, आमच्याकडेच बघत होते.

"फेरी चालू असताना माझ्याशी बोलायचं नाही," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान हलवली, जणू मी तिला काहीतरी शिकवलंय, आणि परत गेली.

दुसऱ्या गेमपासून ती वेगळं खेळायला लागली. मनगट ताठ ठेवलं, बॉल वळवायचा नादच सोडला, खांद्यातून जोर लावून सरळ फेकायला लागली. खरखरीत बॉल सरळ घालवायचा म्हणजे हात मोडून घेणं. एकशे अठ्ठावन्न. तिसऱ्याला तिची बोटं सोलून निघाली. पट्टी लावून खेळली. एकशे सत्त्याऐंशी. शेवटचा बॉल पडला तेव्हा ती सहाव्यावरून पाचव्यावर आली होती. चौथ्या जागेपेक्षा सहा पिना कमी. गार्गी पहिली आली.

लोणकर सरांनी चार नावं वाचली. वृषालीने टाळ्या वाजवल्या, चौघींशी हात मिळवला. मग बूट बदलून पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली.

 अशोक स्तंभापर्यंत मी आरशात बघत होतो, तिचा चेहरा दिसत नव्हता. सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ना? कोरडी आहे ते."

"हो."

"पण पँट तर भिजलेली होती."

"मशीन साफ करताना लागलं."

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. आता ती बोलेल, मला जे ऐकायला हवं ते बोलेल, अशी मी मनाची तयारी केली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मी बॉल ठेवला तेव्हा तुम्ही तोंड उघडलं होतंत. मी पाहिलं. मग मिटलंत." तिने दुसऱ्या हाताने पिशवी सावरली. "बरं केलंत बाबा. तुम्ही सांगून मी संघात गेले असते तर मला ते पचलं नसतं."

मी गिअर बदलला. घर येईपर्यंत आठ-दहा मिनिटं होती. बोलता आलं असतं.

घरी तिने आईला, विमलला, सगळं सांगितलं. "बाबांना माहीत होतं, तरी सख्ख्या मुलीला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाले, फेरी चालू असताना माझ्याशी बोलायचं नाही." विमलने माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं आणि मला जास्तीची पोळी वाढली. मी ती खाल्ली. सोमवारी सकाळी सातच्या बसने वृषाली सिन्नरला गेली.

ही गोष्ट आमच्या घरात मुरली. तिच्या लग्नात तिने ती सासरच्यांना सांगितली. जावईबापू चारचौघांत माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचे सासरे, पक्के तत्त्वाचे." मी हसायचो. सुरुवातीला खरं सांगायची उबळ यायची, मग कमी कमी होत गेली. चौथ्या-पाचव्या वर्षी तर कधीकधी मलाच वाटायचं की मी तत्त्वासाठीच गप्प बसलो असेन. नोकरी आणखी आठ वर्षं टिकली.

दोन वर्षांपूर्वी सेंटर नव्या मालकाने घेतलं आणि रविवारी मुलांना शिकवायला वृषालीला बोलावलं. सिन्नरची नोकरी सांभाळून ती जाते. एका रविवारी मलाही घेऊन गेली. मुलांची पहिलीच निवड चाचणी जवळ आली होती. सहा मुलं बाकांवर बसली होती, मला खुर्ची दिली होती.

तिने गोष्ट सुरू केली. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं ठरून गेलेलं होतं. "मी त्यांची मुलगी," ती म्हणाली, "तरी त्यांनी मला सांगितलं नाही. खेळ असा असतो." मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे.

ईश्वरी नावाची एक चष्मेवाली मुलगी होती, अकराएक वर्षांची. तिने हात वर केला.

"पण मॅम, आजोबांना माहीत होतं तर त्यांनी सगळ्यांनाच का नाही सांगितलं? माइकवर. मग कुणावरच अन्याय झाला नसता ना."

वृषाली हसली. इतक्या वर्षांत तिने त्या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. ती माझ्याकडे वळली.

"सांगा ना बाबा," ती म्हणाली. माझ्याकडे चांगलंच काहीतरी कारण असणार, याची तिला खात्री होती. ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

मेकॅनिकने बोलायचं नाही अशी पद्धत होती, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. त्यावर मुलंही गप्प बसली असती. पण ती पोरगी चष्म्यातून माझ्याकडे बघत होती, आणि वृषालीही, आणि मला ते वाक्य म्हणता येईना.

"मुलांना खेळायला पाठव," मी म्हणालो.

मुलं गेली. मी तिला कॅन निसटल्यापासून सगळं सांगितलं. दार लावून फरशी पुसली ते, साहेबांनी केबिनमध्ये उभं केलं होतं ते. लोणकर सरांचं सांगताना तिने मला थांबवलं.

"सरांनी विचारलं होतं? थांबवतो म्हणाले होते?"

"हो."

"पहिल्या गेमच्या आधी?"

"हो."

ती समोरच्या लेनकडे बघू लागली. मुलांचे बॉल जात होते, येत होते.

"काढलं असतं का हो साहेबांनी तुम्हाला, खरंच?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी भ्यालो होतो गं. बाकी काही नव्हतं."

"मी त्या दिवशी एकदासुद्धा रडले नाही," ती म्हणाली. "त्यानंतरही कधी नाही. सिन्नरच्या बसमध्ये मला वाटायचं, मी हरलेच कुठे? माझे बाबा इतके तत्त्वाचे आहेत, तर..." तिने वाक्य सोडून दिलं. मग म्हणाली, "सहा पिना, बाबा. फक्त सहा."

आणि ती रडायला लागली. अडतीस वर्षांची बाई, बाकावर बसून, दोन्ही हातांनी तोंड झाकून, बावीस वर्षांच्या मुलीने रडावं तशी. मुलांनी खेळ थांबवला. मी तिच्या पाठीवर ठेवायला हात उचलला, पण धीर झाला नाही, आणि तो तसाच परत मांडीवर ठेवून तिच्या शेजारी बसून राहिलो.